कलेचा एकच तास, वेगवेगळी मुलं: उद्दिष्ट तेच ठेवून वाट कशी बदलायची

कलेच्या तासाला एखादं मूल अडलं की सहसा त्याला सोपं काम दिलं जातं. बाकीचा वर्ग समोरच्या वस्तूचं रेखाटन करत असतो आणि ते मूल कोपऱ्यात बसून छापील चित्रात रंग भरत असतं. वेगळ्या भाषेच्या किंवा संस्कृतीच्या घरातून आलेल्या मुलाला 'तुमच्याकडचं काहीतरी काढ' असं सांगितलं जातं, आणि तेवढ्याने त्याची दखल घेतली असं मानलं जातं. पहिल्या मुलाला रेखाटन शिकायलाच मिळालं नाही. दुसऱ्याला अख्ख्या समाजाचा प्रतिनिधी व्हावं लागलं, आणि तशी त्याची मागणी नव्हती.

दोन्ही चुकांचं कारण एकच आहे. तासात नेमकं काय शिकवायचं हे पक्कं होण्याआधीच मुलाकडे बघून बदल केलेला असतो. क्रम असा हवा: आधी उद्दिष्ट, मग अडथळा, मग विषय आणि साहित्य, शेवटी मूल्यमापन. यातला एखादा टप्पा गाळला तर पुढचे सगळे डळमळतात. खालची उदाहरणं जास्त करून चित्रकलेची आहेत, कारण साहित्यामुळे अडणारी मुलं तिथे जास्त असतात. संगीत, नृत्य आणि नाट्याच्या खास अडचणी सातव्या टप्प्यात आहेत.

## १. उद्दिष्ट एका वाक्यात लिहा, साहित्याचं नाव न घेता

'मुलं जलरंगात फुलदाणी रंगवतील' हे काम झालं, उद्दिष्ट नाही. त्यामागचं उद्दिष्ट बहुधा असं असतं: 'क्रमाने गडद होत जाणाऱ्या किमान तीन पायऱ्यांतून वस्तूची गोलाई दाखवता येणं.' असं लिहिलं की जलरंग, ब्रश आणि फुलदाणी या तिन्ही गोष्टी बदलता येतात. कोळसा चालेल, तेलखडू चालतील, फाडलेले रंगीत कागद चालतील. ज्या मुलाला दिसत नाही ते मातीच्या पाटीवर तीन पातळ्यांच्या उठावातून तीच गोलाई दाखवू शकतं. काम वेगळं झालं, शिकणं तेच राहिलं.

संगीतात 'कीबोर्डवर गाणं वाजवणं' याऐवजी 'चार मात्रांचा ठेका न तुटता आठ वेळा धरता येणं' असं लिहा. नाट्यात 'प्रवेश सादर करणं' याऐवजी 'पात्राला काय हवं आहे ते आवाजातून किंवा हालचालीतून पाहणाऱ्याला कळवणं'.

कधीकधी तंत्र हेच उद्दिष्ट असतं, उदाहरणार्थ चाकावर मातीचं भांडं ओढणं. तिथे साहित्य बदलून उपयोग नाही. चाकाची उंची, बसण्याची पद्धत, वेळ आणि मदत एवढंच बदला.

तपासा: वाक्यातून साहित्य आणि विषय खोडून टाका. उरलेल्या वाक्याला अर्थ असेल तर उद्दिष्ट बरोबर आहे. काहीच उरलं नाही तर पुन्हा लिहा.

सावध: एका तासाला एकच उद्दिष्ट, फार तर दोन. चार उद्दिष्टं ठेवली की मूल कशामुळे अडलं हे ओळखता येत नाही.

## २. मुलांची नाही, अडथळ्यांची यादी करा

निदानाच्या नावावरून तासाची आखणी होत नाही. स्वमग्न असलेल्या दोन मुलांपैकी एकाला ओली माती तासन्‌तास हाताळायची असते, दुसऱ्याला तिचा स्पर्शही सोसत नाही. म्हणून प्रत्येक मुलासाठी एक पोस्टकार्डाएवढं कार्ड करा आणि त्यावर आठ ओळी आखा: पाहणं, ऐकणं, हाताची पकड, बसणं आणि हालणं, स्पर्श-वास-आवाज, सूचना समजणं, स्वतःचं म्हणणं सांगणं, घरचे नियम. प्रत्येक ओळीत दोनच नोंदी हव्यात, 'काय अडतं' आणि 'काय चालतं'. दुसरी नोंद जास्त कामाची, तरी नेमकी तीच रिकामी राहते.

माहिती तीन ठिकाणांहून घ्या: मूल स्वतः, घरची माणसं, आणि पहिल्या दोन तासांतलं तुमचं निरीक्षण. घरच्यांना विचारायचे प्रश्न मोजके आणि सरळ असावेत:

- कुठल्या वस्तूचा स्पर्श, वास किंवा आवाज त्याला सहन होत नाही? कशाची अ‍ॅलर्जी आहे?
- घरी ते हाताने काय काय करतं, आणि कुठल्या हाताने?
- काढायला, गायला, नाचायला, घालायला किंवा हाताळायला तुम्हाला चालणार नाही असं काही आहे का?
- घरी कुणी काही बनवतं, गातं, वाजवतं, विणतं का? ते वर्गात आलेलं मुलाला आवडेल का?

शेवटच्या प्रश्नाचा दुसरा भाग गाळू नका. घरच्यांना आवडणारी गोष्ट वर्गासमोर आणायला मूल तयार असेलच असं नाही.

सावध: हे प्रश्न प्रत्येक घराला विचारा, फक्त 'वेगळ्या' दिसणाऱ्या घरांना नाही. आडनाव, पेहराव किंवा धर्मावरून उत्तर गृहीत धरू नका. सजीवांची चित्रं काढू नयेत असं मानणारी काही मुस्लिम कुटुंबं आहेत आणि त्यात काही गैर न मानणारीही पुष्कळ आहेत. तुमच्यासमोर कुठलं कुटुंब आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही.

तपासा: कार्डावर कुठे 'लक्ष देत नाही' किंवा 'हट्टी आहे' असं लिहिलंय का? तो अडथळा नाही, शेरा आहे. खोडा आणि नेमकं काय घडतं ते लिहा: 'सूचना दोनपेक्षा जास्त असल्या की दुसरीनंतर थांबतो.'

## ३. विषय आणि नमुने निवडा

विषयापासून सुरुवात करा, कारण विषयच मुलाला बाहेर ठेवू शकतो. 'माझं कुटुंब', 'माझं घर', 'आईसाठी शुभेच्छापत्र' हे विषय निरुपद्रवी वाटतात. पण घर सोडून पळावं लागलेल्या, पालक गमावलेल्या किंवा संस्थेत वाढणाऱ्या मुलाला ते दुखावू शकतात. 'मला शांत वाटतं अशी जागा', 'मला जपणारं माणूस', 'रोज दिसणारी एक वस्तू' असे विषय द्या. ज्याला घराबद्दल सांगायचंय ते मूल इथेही घरच काढेल. ज्याला नको त्याला दुसरी वाट आहे.

मग नमुने. एकच कलात्मक प्रश्न वेगवेगळ्या परंपरांनी कसा सोडवला हे दाखवणारे किमान तीन नमुने शेजारी शेजारी लावा. चित्रातल्या खोलीचं, म्हणजे जवळ-दूर दाखवण्याचं, उदाहरण घ्या. युरोपीय प्रबोधनकाळापासूनच्या रेषीय यथादर्शनात समांतर कडा दूर जाताना एका बिंदूला मिळतात. चिनी गुंडाळीचित्रांत त्या बहुधा समांतरच राहतात, त्यामुळे चित्र उलगडत जाताना नजर एका जागी अडकत नाही. पर्शियन आणि मुघल लघुचित्रांत दूरची वस्तू बहुधा वरच्या बाजूला येते. तिन्ही पद्धती पूर्ण आहेत. ज्या मुलाने घरी दुसऱ्या किंवा तिसऱ्या पद्धतीची चित्रं पाहिली आहेत त्याच्या रेखाटनावर 'चुकलं' असा शेरा मारला तर तुम्ही एका पद्धतीला नियम ठरवलंत. उद्दिष्ट रेषीय यथादर्शनाचं असेल तर तसं आधी सांगा: 'आज ही पद्धत शिकतोय.'

नमुने लावण्याचा क्रमही पाहा. युरोपीय नमुना नेहमी शेवटी आणि सर्वात मोठा असेल तर मुलं त्याला अंतिम उत्तर समजतात. क्रम दर वेळी बदला, आकार सारखा ठेवा.

लक्षात न येणाऱ्या आणखी दोन गोष्टी. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपीत वाचायला शिकलेलं मूल चित्रकथेच्या चौकटीही उजवीकडून मांडू शकतं. उर्दू, अरबी, हिब्रू या अशा लिपी आहेत. चौकटींचा क्रम उलटा म्हणून गुण कापण्याआधी त्याला कथा सांगायला लावा. दुसरी गोष्ट रंगांच्या अर्थाची. 'पांढरा म्हणजे आनंद, काळा म्हणजे दुःख' असं शिकवू नका. आशियातल्या अनेक समाजांत शोकाचा रंग पांढरा आहे. 'तुझ्या चित्रात या रंगाने काय सांगायचंय?' हा प्रश्न पुरतो.

### कुणाची गोष्ट घेताय ते विचारा

एखाद्या परंपरेतली वस्तू वर्गात बनवायला घेण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं शोधा: ती कोण बनवतं? ती कधी वापरतात? ती वापरायचा हक्क कुणाला असतो? उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या मूलनिवासी राष्ट्रांत गरुडाच्या पिसांचा शिरपेच मान म्हणून मिळवावा लागतो. त्याची कागदी नक्कल हा हस्तकलेचा विषय होऊ शकत नाही. न्यूझीलंडमधल्या माओरींच्या चेहऱ्यावरच्या 'ता मोको' नक्षीत त्या माणसाची वंशावळ असते, ती दुसऱ्याने गालावर काढून बघायची नसते. ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींच्या अनेक कथा आणि आकृती ठरावीक लोकांच्या हवाली असतात आणि त्या वापरायला परवानगी लागते.

अशा वेळी वस्तूची नक्कल टाळा आणि तिच्यामागचं कलातत्त्व घ्या. वर्तुळाकार रेषांची पुनरावृत्ती शिकवायची तर मुलांना स्वतःच्या आठवणीतली खूण घेऊन तसा आकृतिबंध करू द्या. सोबत मूळ कलेची चित्रं दाखवून ती कुणाची आहे ते सांगा.

सावध: 'आफ्रिकन मुखवटा' हे नाव पुरेसं नाही. कुठला समाज, कुठला देश, कुठला काळ, आणि माहीत असेल तर कारागिराचं नाव, हे सांगता येत नसेल तर दुसरा नमुना घ्या. आजही काम करणाऱ्या कलाकारांची कामंही दाखवा, नाहीतर परंपरा संपलेली आहे असा मुलांचा समज होतो.

सावध: वर्गासमोर 'तुमच्यात हे कसं करतात, सांग बरं' असं कुणालाही विचारू नका. एखाद्या मुलाला सांगायचं असेल तर ते आधी, एकट्याला विचारून ठरवा. 'नाही' म्हणालं तर विषय तिथेच संपवा.

वर्षातून एक 'संस्कृती दिवस' साजरा करून ही सगळी जबाबदारी उरकायचा मोह होतो. त्यातून मुलं वेशभूषा शिकतात, कला शिकत नाहीत. दर घटकाला तीन नमुने हा नियम वर्षभर पाळलेला जास्त फळ देतो.

## ४. साहित्य तयार करा

ही तयारी आदल्या दिवशी पूर्ण हवी. सगळ्या पर्यायांची एक पेटी करा आणि ती सर्वांसाठी उघडी ठेवा. जाड दांड्याचा ब्रश एकाच मुलाच्या बाकावर ठेवला की तो त्याचं लेबल होतो. पेटीत ठेवला की ज्यांच्याबद्दल तुम्हाला कल्पनाही नव्हती अशी मुलं तो उचलतात.

### हात

- कागद चारही कोपऱ्यांना कागदी चिकटपट्टीने टेबलावर चिकटवा. एका हाताने काम करणाऱ्या मुलासाठी हा एक बदल अर्धी अडचण सोडवतो.
- ब्रशच्या दांड्यावर फोमची नळी चढवा किंवा कापडी पट्टी गुंडाळून जाडी सुमारे ३ सेंटिमीटर करा. दांडा लांब असेल तर कापून १० ते १२ सेंटिमीटर ठेवा. लांब दांड्याचं टोक जास्त थरथरतं.
- डावखुऱ्या मुलांसाठी डावी कात्री ठेवा. उजव्या कात्रीचं पातं डाव्या हातात कापायची रेघ झाकतं आणि दाबल्यावर पाती एकमेकांपासून लांब सरकतात, म्हणून कागद कापण्याऐवजी दुमडतो. यात मुलाचा हात कच्चा नसतो.
- पकड कमी असेल तर दाब सोडल्यावर आपोआप उघडणारी स्प्रिंगची कात्री, किंवा कापण्याऐवजी पट्टीच्या आधाराने फाडणं.
- रंग पातळ असतील तर ओघळतात आणि थरथरत्या हाताचं काम बिघडल्यासारखं दिसतं. अशा वेळी पोस्टर रंग दह्याइतके दाट ठेवा, किंवा तेलखडू द्या.

### डोळे

पांढऱ्या कागदाखाली काळा किंवा गडद निळा पुठ्ठा ठेवा. कागदाची कड दिसली की जागेचा अंदाज येतो. चकचकीत कागद आणि प्लॅस्टिकचं टेबलकापड टाळा, त्यावर उजेड परततो. रेखाटनाला ३ ते ५ मिलिमीटर जाड रेघेचे काळे मार्कर द्या.

स्पर्शाने कळणारी रेघ दोन प्रकारे करता येते. पांढऱ्या गोंदाने रेघ काढून रात्रभर वाळवली की ती उठून राहते. हा मार्ग तुम्ही तयार करायच्या नमुन्यांसाठी. मुलाला स्वतः काढायचं असेल तर जाड पुठ्ठ्यावर बारीक तारेची जाळी ताणून बसवा, तिच्या कडा चिकटपट्टीने झाका, वर कागद ठेवा आणि मेणखडू द्या. रेघ काढता काढताच बोटाला लागते.

लाल-हिरव्या रंगांत गल्लत होणं मुलग्यांमध्ये बरंच जास्त आढळतं, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, स्त्रियांत सुमारे ०.५ टक्का. बऱ्याच मुलांना ते स्वतःला माहीत नसतं. प्रत्येक बाटलीवर आणि खडूवर रंगाचं नाव लिहा. 'हिरवं पान तपकिरी का केलंस?' असं चारचौघांत विचारू नका. सूचना देतानाही 'लाल भागात' याऐवजी 'वरच्या उजव्या भागात' म्हणा.

### स्पर्श, वास, अ‍ॅलर्जी आणि श्रद्धा

ओली माती किंवा बोटांनी रंगवणं नको असलेल्या मुलाला जबरदस्ती करू नका. माती बंद होणाऱ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून दाबू द्या, मग लाकडी अवजार, मग हातमोजे, मग हवं तर उघडा हात. एका तासात एकच पायरी. हात धुवायची सोय बाकाजवळ दिसत असली की पुष्कळ मुलं आपणहून पुढे जातात.

फुग्यांमध्ये लॅटेक्स (नैसर्गिक रबर) असतं, घरगुती मळलेल्या रंगीत गोळ्यांमध्ये गव्हाचं पीठ असतं, आणि शेंगांची टरफलं किंवा अंड्यांचे ट्रे काही मुलांना धोकादायक ठरतात. यादी कार्डांशी ताडून पाहा. अन्नधान्य चिकटवून चित्र करणं अनेक घरांना पटत नाही, तेव्हा ते सर्वांसाठीच काढून टाकलेलं बरं. काही ब्रश डुकराच्या राठ केसांचे असतात. कृत्रिम केसांचे घेतले की कुणालाच अडचण राहत नाही.

### त्वचेचा रंग

खडूच्या पेटीतल्या एका फिक्या गुलाबीसर खडूला 'त्वचेचा रंग' म्हणणं बंद करा आणि रंग मिसळायला शिकवा. पिवळा २ भाग, लाल १ भाग, मग निळा थेंबाथेंबाने. तपकिरी रंग तयार होतो. फिकट करायला पांढरा आणि किंचित पिवळा, गडद करायला निळा आणि किंचित लाल. काळा टाकू नका, त्याने रंग राखट होतो. नमुना कागदाच्या पट्टीवर लावून वाळल्यावर मनगटाजवळ धरून बघा, कारण पोस्टर रंग वाळताना बदलतो. दोन मुलांचे हात शेजारी धरून तुलना करायची नाही, हा नियम सुरू करण्याआधीच सांगा.

तपासा: सगळं साहित्य एकदा उलट्या हाताने आणि एकदा डोळे मिटून वापरून बघा. यातून मुलाचा अनुभव कळत नाही, तसा दावाही करू नये. साहित्य कुठे घसरतं, सांडतं, अडकतं एवढंच कळतं, आणि ते पुरेसं आहे.

## ५. खोली लावा

टेबलाखाली गुडघ्यांसाठी सुमारे ७० सेंटिमीटर मोकळी उंची ठेवा, म्हणजे व्हीलचेअर आत सरकते. वाट ९० सेंटिमीटर रुंद हवी आणि तिच्यात दप्तरं नकोत. साहित्याच्या जागा तास चालू असताना बदलू नका. ज्या मुलाला नीट दिसत नाही त्याने त्या पाठ केलेल्या असतात. गडबड सोसेनाशी झालेल्या मुलासाठी शांत कोपरा ठेवा. तिथे वर्गाकडे पाठ करून बसता यावं, शिक्षेच्या जागेसारखा दाराजवळ नको. तुमच्या पाठीशी खिडकी नसावी, नाहीतर ओठ वाचणाऱ्या मुलाला फक्त तुमची सावली दिसते.

## ६. तास चालवा

४० मिनिटांच्या तासाची विभागणी साधारण अशी: आत येऊन बसणं ४, दाखवणं ६, काम २०, थांबणं आणि आवरणं ४, एकमेकांची कामं पाहणं ६.

दाखवताना क्रम असा ठेवा. प्रथम एक शब्दही न बोलता कृती करा. मग तीच कृती थांबत थांबत, बोलून. मग पायऱ्यांची चित्रं फळ्यावर लावा, चारपेक्षा जास्त नकोत. वर्गाची भाषा नवीन असलेल्या मुलाला पहिली फेरी उपयोगी पडते, सूचना विसरणाऱ्याला तिसरी. ऐकू कमी येणाऱ्या मुलासाठी मधली फेरी महत्त्वाची: ते एकाच वेळी तुमचे हात आणि ओठ पाहू शकत नाही. हात थांबवा, त्याच्याकडे तोंड करा, बोला, मग पुन्हा हात चालवा. फळ्याकडे तोंड करून बोललेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही.

नवी भाषा शिकणाऱ्यासाठी त्या तासाचे आठ-दहा शब्द चित्रांसह भिंतीवर लावा. त्याच्या भाषेतले प्रतिशब्दही घरच्यांकडून घेऊन शेजारी लिहा.

एकच तयार नमुना समोर ठेवला तर मुलं त्याचीच नक्कल करतात. सगळे नमुने काढून घेतले तर काही मुलांना शेवट कुठे आहे ते कळत नाही. म्हणून पूर्ण झालेले तीन वेगवेगळे नमुने दाखवा आणि मग पायऱ्यांची चित्रं तेवढी राहू द्या.

सावध, मदतनिसाबद्दल: सर्वात जास्त काम इथे बिघडतं. मोठ्या माणसाने मुलाचा हात धरून काढलेलं चित्र मोठ्या माणसाचं असतं. मदतनिसाने कागद धरावा, झाकण उघडावं, ब्रश धुवावा. रंग आणि जागा मुलानेच निवडावी. न दिसणाऱ्या मुलाला कृती दाखवायची तर आपला हात खाली आणि त्याचा वर ठेवा, म्हणजे त्याला हवं तेव्हा हात काढता येतो. न बोलणाऱ्या मुलासमोर दोन रंग धरा आणि मनात दहापर्यंत मोजत थांबा. नजर किंवा बोट वळायला वेळ लागतो आणि तिसऱ्या सेकंदाला आपण निवडून मोकळे होतो.

काम थांबण्याच्या पाच मिनिटं आणि एक मिनिट आधी सांगा, सोबत दिसणारी खूणही द्या. अचानक थांबवलं की काही मुलांचा पुढचा सगळा दिवस बिघडतो. ज्याचं काम अपुरं राहिलं त्याच्यासाठी नावाचा कप्पा ठेवा.

## ७. संगीत, नृत्य, नाट्य: वेगळ्या अडचणी

संगीत. कीबोर्ड सप्तकाचे १२ समान भाग करतो. अरबी मकामात (अरबी संगीतातल्या स्वररचनेच्या पद्धतीत) त्यांच्या मधली अंतरंही लागतात, आणि इंडोनेशियातल्या गामेलान या वाद्यवृंदाचा प्रत्येक संच स्वतःपुरता जुळवलेला असतो. मुलाने घरून आणलेलं गाणं कीबोर्डशी जुळलं नाही तर ते बेसूर आहे असं ठरवू नका आणि कीबोर्डवर बसवूही नका. नुसता आधारस्वर किंवा ठेका द्या. कुणी कानाने शिकतं, कुणी लिपीवरून, तेव्हा ध्वनिमुद्रण आणि लिखित स्वर दोन्ही पुरवा.

ऐकू न येणाऱ्या मुलासाठी मोठा ढोल लाकडी जमिनीवर ठेवा आणि त्याला अनवाणी उभं राहू द्या. खर्जातला कंप अंगाला चांगला जाणवतो. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रिया करून कानात बसवलेलं ऐकण्याचं उपकरण) असलेल्या मुलांना ठेका चांगला कळतो, स्वरांचा चढउतार मात्र अवघड जातो. म्हणून सुरुवात तालापासून करा. गाण्यातल्या उपासनेच्या शब्दांना किंवा वाद्यांना घरून नकार असेल तर तोच ठेका टाळ्या, चुटक्या आणि मांडीवरच्या थापांवर घ्या. हा पर्याय सर्वांसाठी खुला ठेवा.

नृत्य. बसून करायची आवृत्ती आधी रचा, उभ्याची नंतर. उलट केलं की बसणाऱ्याच्या वाट्याला फक्त हात हलवणं येतं. 'पुढे जाणं' चाकांवरही होतं, 'उंच होणं' मानेतून आणि बोटांतूनही दिसतं. जोडीच्या नृत्यात हात धरायचे नसतील तर ६० ते ८० सेंटिमीटरची कापडी पट्टी दोघांनी दोन टोकांना धरावी. वेशभूषा रोजच्या कपड्यांवरून घालता येईल अशीच निवडा. उपवासाच्या काळात दमवणारी तालीम सकाळी लवकर घ्या किंवा त्या दिवसांत रचना आणि लेखनाचं काम करा.

नाट्य. एखाद्या समाजाचं बोलणं किंवा चाल यांची नक्कल करून हशा मिळवायचा नाही, हा नियम भूमिका वाटण्याआधी सांगा. संहिता किमान दोन दिवस आधी, मोठ्या अक्षरांत आणि ध्वनिमुद्रणासह द्या. प्रकाशाची उघडझाप सेकंदाला तीनपेक्षा जास्त होऊ देऊ नका. त्याहून वेगाने काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. रंगमंचावर धूर सोडणं दम्याच्या मुलांसाठी टाळा.

तपासा: प्रत्येक हालचालीला, प्रत्येक स्पर्शाला 'नको' म्हणण्याची ठरलेली खूण सर्वांना माहीत आहे का? सरावाच्या पहिल्या पाच मिनिटांत ती वापरून बघा.

## ८. मूल्यमापन करा

पहिल्या टप्प्यातलं वाक्य समोर ठेवा आणि त्यातूनच दोन-तीन निकष काढा. गोलाईच्या तासासाठी ते असे होतील: पायऱ्या किती वेगळ्या ओळखू येतात, त्या योग्य क्रमाने आहेत का, उजेड कुठून येतो हे मुलाला सांगता किंवा दाखवता येतं का. नीटनेटकेपणा, कडेच्या बाहेर गेलेला रंग, पूर्ण भरलेला कागद हे यात कुठेच नाही. उद्दिष्टात नाही ते गुणांत येऊ देऊ नका.

पुरावा देण्याची पद्धत मोकळी ठेवा. मूल बोलून सांगेल, बोटाने दाखवेल, घरच्या भाषेत ध्वनिमुद्रित करेल, फोटोंचा क्रम लावेल. कलेबद्दल लिहिता येणं ही वेगळी क्षमता आहे. ती शिकवायची असेल तर तिचा वेगळा तास घ्या.

उलटी चूकही तितकीच होते. मुलाची परिस्थिती बघून, काहीही केलं तरी 'छान!' म्हटलं जातं. त्याने मूल पुढे सरकत नाही, आणि आपल्याकडून फारशी अपेक्षा नाही हे त्याला बरोबर कळतं. त्याऐवजी दिसलेली एक गोष्ट आणि पुढची एक पायरी सांगा: 'डाव्या बाजूच्या तीन छटा मला स्पष्ट दिसतात. आता उजव्या कडेची छटा आणखी गडद करून बघ.'

प्रत्येक घटकातून सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं अशी तीन कामं तारखेसह जपा. मातीच्या कामाचे आणि नृत्याचे फोटो किंवा छोटे व्हिडिओ चालतील, आधी परवानगी घ्या. तुलना त्या तिघांमध्ये करा, शेजारच्या मुलाशी नाही.

## ९. तास संपल्यावर नोंद ठेवा

त्याच दिवशी, कार्डावरच लिहा. कुठला बदल वापरला, मुलाने तो स्वतः उचलला की तुम्ही दिला, उद्दिष्ट गाठलं का. 'बदल वापरला पण उद्दिष्ट गाठलं नाही' अशी नोंद दोनदा आली तर बदल चुकीच्या अडथळ्यावर केलेला आहे. दुसऱ्या टप्प्याकडे परत जा. 'बदल न वापरताच गाठलं' अशी नोंद आली तर तो आधार काढून घ्या. नको असलेला आधार मुलाला मागे ओढतो.

एखादा पर्याय निम्म्या वर्गाने उचलला तर पुढच्या वेळी तो पेटीत ठेवू नका, सर्वांच्या बाकावर ठेवा. जो पर्याय सलग तीन तास कुणीच उचलला नाही, त्याबद्दल मुलांना विचारा: नको होता, दिसला नाही, की उचलताना लाज वाटली? नको असेल तर काढून टाका. दिसला नसेल तर जागा बदला. लाज वाटली असेल तर पुढच्या तासाला दाखवताना तुम्ही स्वतः तोच वापरा.